कामोणी कशाला पाहिजे?

“ताई, कामोणी मागायला कुणाच्या दारात जाऊ नका. आन् गेलाच, तर आदी ‘लेकराला खायला’ म्हणा, मग कामोणीचं नाव काढा.”

धुरपताबाईंनी हे मला कढईचं बूड घासता घासता सांगितलं होतं. मी “बरं” म्हणाले आणि विसरले. मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र, पहिला वर्ग. कढईच्या बुडाशी बसून दिलेले सल्ले मनावर घ्यायचे, तर नांदेडला तीन वर्षं परीक्षानळ्या कशाला धुतल्या, असा माझा त्या वेळी समज होता. पुढच्या आठ दिवसांत लातूरच्या आमच्या कॉलनीनं माझं जे काही केलं, त्यानंतर ती पदवी मी माळ्यावर जुन्या मच्छरदाणीत गुंडाळून ठेवली आहे.

झालं असं की माझ्या मुलीच्या, शांभवीच्या, शाळेनं पुढच्या सोमवारी ‘रानमेवा दिन’ काढला. शाळांना हल्ली साधे दिवस पुरत नाहीत. पिवळा दिवस झाला, आजी-आजोबा दिवस झाला, हात धुण्याचा दिवस झाला (त्या दिवशी शाळेच्या नळाला पाणी नव्हतं, मुलांनी हात धुण्याचा अभिनय केला). आता प्रत्येक मुलानं एका रानफळाचा वेष करून यायचं, ते झाड मुळासकट आणायचं आणि माइकवर एक वाक्य बोलायचं. बोर, आवळा, चिंच ही गुणी फळं वर्गाच्या ग्रुपवर सकाळी सर्वांत आधी फुलांचे फोटो टाकणाऱ्या आयांच्या मुलांना मिळाली. जांभूळ मिळालेल्या आईला डिसेंबरात जांभळं सापडेनात, तेव्हा तिनं काळे गुलाबजाम आणायचं ठरवलं. करवंदवालीनं बेकरीतून केकवरच्या लाल चेऱ्या आणल्या आणि “ह्या करवंदाच्याच असतात” असं सगळ्यांना ऐकवलं. मी शोधून पाहिलं. ते खरं निघालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमच्या चिठ्ठीवर आलं : कामोणी.

ज्यांचं बालपण फरशीवर गेलं त्यांच्यासाठी सांगते. मिरचीच्या रोपासारखं, गुडघाभर वाढणारं झुडूप. पांढरी, नखाएवढी फुलं. वाटाण्याहून लहान फळांचे घोस. हिरवी असताना फळ विषारी, पिकून काळंजांभळं झालं की गोडसर, आणि खाल्ल्यावर जीभ दोन तास कुणाला दाखवायच्या लायकीची राहत नाही. पाल्याची भाजी होते. हदगावकडं मामाच्या शेताच्या बांधावर मी लहानपणी ओंजळीनं खाल्ली आहे. मोठेपणी आई झाल्यावर मी तीच कामोणी इंटरनेटवर शोधली. पहिल्या ओळीत विष, दुसऱ्या ओळीत झटके, तिसऱ्या ओळीत मृत्यू. तासभर थंडगार पडून राहिल्यावर कळलं की परदेशात कामोणीची एक दुष्ट चुलत बहीण आहे आणि तिचे सगळे गुन्हे आमच्या गरिबाच्या नावावर नोंदवले गेले आहेत. नावावर खोटी नोंद होणं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर दुसरं फळ मागून घ्यायचं. मागितलं असतं. पण शांभवी पहिलीत आहे आणि जूनपासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. घरी ती टँकरचा पाइप सुटल्यासारखी बोलते. शाळेच्या फाटकात शिरली की चावी बंद. डायरीत बाई लाल शाईनं लिहितात, ‘बोलत नाही. दाखवून घ्या.’ मी दाखवून घेतलं. कान दाखवले, घसा दाखवला, जीभ दाखवली. सगळे अवयव आपापल्या जागी होते. आणि त्या सोमवारी चिठ्ठी वाचून ती आपणहून म्हणाली, “आई, मी बोलणार हाय माइकमधी.”

ह्याचं श्रेय माझं नाही. धुरपताबाई भांडी घासायच्या तेव्हा ही शेजारी पाटावर बसायची. आमच्या घरात तिला न टोकणारं माणूस तेच एक. त्या मूळच्या हदगावकडच्या, साठीच्या, कपाळावर गोंदलेलं तुळशीचं पान, आमच्या मागच्या गल्लीत एकट्या खोली करून राहतात. त्यांनीच वाक्य बसवून दिलं : ‘मी कामोणी. हिरवी असले की हात लावू नका, काळी झाले की खा.’ मंगळवारी संध्याकाळपर्यंत हे वाक्य आमच्या घरात दोनशे वेळा म्हटलं गेलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं लेकरू चारचौघांत तोंड उघडणार होतं. त्यासाठी मी कामोणी चंद्रावरून आणली असती.

“मी आणून देते की,” धुरपताबाई म्हणाल्या. “जरा दम धरा ताई. अंगात कणकण हाय. बेस वाटलं की जाते कॅनॉलकडं.”

कणकण हे घरकाम करणाऱ्या बायकांच्या कोशात रजेचं दुसरं नाव आहे, अशी माझी आणि आमच्या मजल्यावरच्या सगळ्या सुशिक्षित बायकांची खात्री होती. मी त्यांना गरम भजी दिली, म्हणजे कणकण पळेल. त्यांनी ताटली बाजूला सारली. “तेलाचा वास नको वाटून राहिलाय.” माझ्या भज्यांचा असा अपमान सासूबाईंनीसुद्धा कधी केला नव्हता. मी दम धरायचा नाही असं ठरवलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. जगदेवीआत्यांचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, हद्दीला लागून, त्यामुळे त्या रागावल्या की मराठीत आणि निवांत असल्या की कानडीत. बुधवारी सकाळी त्या निवांत होत्या.

“आत्या, कामोणी कुठं मिळेल हो?”

“काकी व्हय? काकी हाय की मागच्या बाजूला, भिंतीला लागून. कितीबी घे.”

आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून, तळमजल्यावर अंबिकाकाकी राहतात. गेली वीस वर्षं लहानथोर सगळे त्यांना काकीच म्हणतात. मी शांभवीचं बोट धरलं आणि काकींकडं गेले. ‘लेकराला खायला’ हे शब्द घरीच राहिले.

काकी मेथी निवडत होत्या.

“काकी, तुमच्याकडं कामोणी आहे म्हणे?”

काकींच्या हातातली काडी हातातच राहिली. “कुणाला पाहिजे गं?”

“शांभवीला.”

“अगं बाई! किती?”

“अख्खं झाड. मुळासकट.”

“मुळासकट? एवढं वाढलं का?”

मला वाटलं, झाडाचं विचारतात. “वाढलेलंच पाहिजे, काकी. कवळं चालणार नाही, बाई म्हणाल्या.”

“कोण बाई? डॉक्टरीण?”

“शाळेतल्या.”

“शाळेला पण कळलं?”

“शाळेनंच तर सांगितलं.”

काकींनी मेथी बाजूला ठेवली, शांभवीला पुढं ओढलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली केली. शांभवी परक्याच्या घरात असते तशी, दगड.

“लेकरू बोलंना सुद्धा!”

“ती बाहेर बोलतच नाही, काकी.”

“कधीपासून?”

“जूनपासून.”

“जूनपासून! आन् तू आता कामोणी धुंडून राहिलीस? काय माय आहेस का कोण!”

मी बाहेर पडले आणि मागं दार बंद झालं, तेव्हा मला उमगलं. आपल्याकडं कामोणीचा पाला काविळीवर देतात. फळं पोरं खातात, पण मोठं माणूस दारात येऊन कामोणी मागतं तेव्हा ते फळासाठी नसतं. त्या घरात कुणाचे तरी डोळे पिवळे झालेले असतात. ‘साखर आहे का वाटीभर’ म्हणावं तसं मी ‘आमच्याकडं कावीळ झाली आहे’ हे जाहीर करून आले होते, आणि वर त्याची मुदतही सांगून आले होते : जूनपासून.

मी परत जाऊन खुलासा केला. खुलाशानं काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. “लपवती बिचारी,” काकी दुसऱ्या मजल्यावर म्हणाल्या. “शिकलेल्या पोरींना लाज वाटती रोगाची.”

गुरुवारी सकाळपर्यंत आमच्या ओट्यावर उसाच्या रसाचे तीन तांबे, मुळ्याच्या दोन जुड्या, फुटाण्याच्या पुड्या आणि एका बरणीत कसलासा रस, ज्याबद्दल ‘विचारू नको, नुसता पाज’ अशी सूचना होती. प्रत्येकीनं येताना शांभवीची पापणी ओढली. जाताना पुन्हा ओढली. मीही, खोटं कशाला सांगू, ओढू लागले. मुलीला काही झालेलं नाही हे मला माहीत होतं. पण अकरा बायका सांगतात म्हटल्यावर अकराव्या भागाइतकी तरी शंका येतेच. मी एक वही केली. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि सात : डोळे पांढरे, डोळे पांढरे, डोळे पांढरे, डोळे थोडे लाल (पापणी ओढल्याने). धुरपताबाई सिंकपाशी उभ्या राहून हे सगळं बघायच्या. मध्येच ओट्याला टेकायच्या, हात खाजवायच्या. मला वाटलं, नवा साबण मानवत नाही. साबण बदलायचं मी वहीत लिहून ठेवलं.

दुपारी काकी सहा जणींना घेऊन आल्या. एका हातात पितळी परात, दुसऱ्या हातात चुन्याची डबी. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. कावीळ असली की पाणी पिवळं होतं आणि रोग उतरतो. मी नको म्हणाले. सात जणींपुढं नको म्हणणं म्हणजे एस.टी.त कंडक्टरला ‘गाडी आमच्या दारात वळवा’ म्हणण्यासारखं. शांभवीचे हात पाण्यात गेले.

पाणी लालभडक झालं.

खोलीत असा सन्नाटा झाला की कुकरनं शिट्टी देताना विचार केला. मग माझ्या लक्षात आलं. सकाळी ती जिन्यात पडून तळहात खरचटले होते आणि मी दोन्ही हातांना हळद भरली होती.

“अहो, हळद आहे ती!” मी ओरडले. “चुन्यात हळद लाल होते. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे!”

“कुणाचं दर्शन?” मागून एक आवाज.

समोरच्या सातही बायकांच्या कपाळावर कुंकू होतं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे त्यांच्या आज्या-पणज्या त्यांना सांगत आल्या असणार. पण त्या घटकेला माझ्या मुलीच्या कल्याणासाठी सातही जणी ते विसरल्या.

“पिवळी बघितली, पांढरी ऐकली,” काकी हलक्या आवाजात म्हणाल्या. “लाल कावीळ मी ऐकली पण न्हाई. म्हणजे बघ किती वाईट असंल.”

शुक्रवारी आरोग्याच्या सर्वेक्षणाच्या एक ताई रजिस्टर घेऊन दारात. चांगल्या होत्या बिचाऱ्या, उन्हातून आलेल्या. त्यांच्याकडं ‘लाल काविळीची संशयित बालिका’ अशी खबर होती. मी त्यांना वही दाखवली, मुलगी दाखवली, हळदीचा डबा दाखवला. त्यांना सगळं पटलं.

“पण ताई, वरून फोन आला म्हणून नाव चढवलंय मी. आता पुढचा रकाना भरावाच लागतो.”

“मग लिहा ना, आजार नाही.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. रकाने चार होते : बरा झाला, दवाखान्यात दाखल, गाव सोडून गेला, मयत. आजारी नव्हताच, असा रुग्ण सरकारला अजून भेटलेला नाही.

“ह्यातलं काय चालंल तुम्हाला?” त्यांनी भाजीवालीनं विचारावं तसं विचारलं.

अशा रीतीनं माझी मुलगी न झालेल्या आजारातून बरी झाली.

पण ‘बरी झाली’ म्हणजे ‘कावीळ झाली होती’, हे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी बरोबर ताडलं. ईश्वरप्पा निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांना वर्ग म्हणून आम्हीच मिळालो आहोत. ग्रुपवर त्यांचा संदेश आला : ‘इमारतीत कावीळग्रस्त बालिका आढळल्याने पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करून निर्जंतुक करण्यात येत आहे. तसेच टाकीमागील गवत व झुडपे रविवारी समूळ काढण्यात येतील. बालिकेच्या पालकांनी सहकार्य करावे.’

लातूरबाहेरच्या वाचकांना ह्या वाक्याची जात कळणार नाही. आमच्याकडं नळ येतो तेव्हा घरात सण असतो. आदल्याच दिवशी नळ आला होता. टाकी काठोकाठ होती. ईश्वरप्पांनी चावी फिरवली आणि चाळीस कुटुंबांचं आठ दिवसांचं पाणी गटाराच्या दिशेनं निघालं. चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी ते बघून डोळ्याला धोतराचा सोगा लावला. शेजारच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या.

“अहो, काविळीचं पाणी आहे ते!” ईश्वरप्पा ओरडले.

“असू दे की हो सर,” एकीनं घागर लावत सांगितलं. “आमी उकळू.”

त्या दिवसापासून जिन्यात माझ्याशी बोलणं बंद झालं. माझ्याशीच, शांभवीसाठी फुटाणे चालू होते. वीरेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान आहे. संध्याकाळी आला तो खुशीत. टाकीचे सगळे व्हॉल्व्ह नवे बसवायचे ठरले होते आणि ते आमच्याच दुकानातून गेले होते.

“मी काय म्हणतो मंजू, तू उगं टेन्शन घेऊन राहिलीस. कामोणी म्हणायचंच नव्हतं. चेरी म्हणायचं.”

त्याला मी त्या दिवशी मुळ्याची भाजी वाढली. मुळ्याची पोळीही. मुळ्याचं ताकही.

शनिवारी सकाळी शाळेचा संदेश : ‘वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय आपल्या पाल्यास सोमवारी प्रवेश मिळणार नाही.’ म्हणजे वाक्य पाठ, वेष तयार, तोंड उघडायला लेकरू राजी, आणि माइकपर्यंतची वाट बंद. मी तिला घेऊन डॉक्टरांकडं गेले.

“कशाचं प्रमाणपत्र?”

“कावीळ नसल्याचं.”

“नसल्याचं देत नाही हो कुणी. नसलेले आजार शंभर आहेत, किती लिहू?”

शेवटी रक्त घेतलं. शांभवीनं रडताना धुरपताआज्जीला हाका मारल्या, मला नाही; तेही मी गिळलं. दुपारी अहवाल आला, सगळं ठणठणीत. डॉक्टरांनी लिहून दिलं : ‘कावीळ नाही.’ तो कागद घेऊन मी धावत शाळेच्या कार्यालयात. तिथल्या कारकुनांनी चष्मा वर केला.

“मॅडम, आरोग्याच्या यादीत आहे ‘बरी झाली’. इथं आहे ‘नाही’. दोन कागद दोन बोलून राहिलेत. एक धरा.”

“खरं काय ते धरा ना!”

“खरं मला काय म्हाईत? मी कागद बघतो.”

मी पुन्हा दवाखान्यात गेले आणि विज्ञान शाखेच्या पदवीला स्मरून ‘कावीळ बरी झाली आहे’ असं लिहून आणलं. शिक्का बसला. वाट उघडली. आता फक्त एक किरकोळ गोष्ट राहिली होती. कामोणी.

रविवारी सकाळी मी हताश होऊन आत्यांजवळ बसले. धुरपताबाई दोन दिवस आल्याच नव्हत्या, कणकण. “आत्या, तुम्ही म्हणालात काकीकडं आहे. काकीकडं काय होतं? काय झालं बघा माझं.”

आत्या रागावून मराठीत आल्या. “अंबिकाकडं कशाला गेलीस गं तू? काकी हण्णु म्हणलं मी. आमच्या कानडीत कामोणीला काकीचं फळ म्हणतेत. टाकीच्या मागं, भिंतीला लागून, गळक्या पाण्यावर ही एवढी माजलीय की! खिडकीतनं दिसती.”

मी जिना उतरले तो अजून माझ्या गुडघ्यांना आठवतो. टाकीच्या मागं ईश्वरप्पा विळा घेऊन घामाघूम उभे होते आणि भिंतीलगतची जमीन तुळतुळीत. “समूळ!” ते अभिमानानं म्हणाले. कामोणी शोधताना उठलेल्या वावटळीनं शहरातली माझ्या सगळ्यांत जवळची कामोणी उपटून टाकली होती.

ढिगाऱ्याच्या पलीकडं कुणीतरी बसलेलं दिसलं. धुरपताबाई. डोक्यावरून पदर, अंगावर उन्हातही चादर. ढिगातून एकेक झाड उचलून बघत होत्या. एक चांगलं, मुळासकट, काळ्या फळांच्या घोसांचं झाड त्यांनी ओल्या फडक्यात बांधून बाजूला ठेवलं होतं.

“ही शांबूची,” त्या म्हणाल्या. “उद्यापतुर सुकत न्हाई. पानी मारा वरून.”

मी ते झाड अक्षरशः ओढून घेतलं. आभार मानले का? मानले असतील.

“ताई, ही बाकीची कामोणी मला पाहिजे. पाला. नेऊ का?”

“न्या की. भाजी छान होते म्हणे.”

त्यांनी पाला पदरात बांधायला घेतला. “हाव. भाजी.”

“उद्या या हो कार्यक्रमाला. शांभवी वाट बघेल.”

“यिन की,” असं म्हणून त्या भिंतीला धरून उठल्या. मी तोवर जिन्यात होते, फळं मोजत.

सोमवारी सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसले, शेजारची खुर्ची धुरपताबाईंसाठी पर्स ठेवून धरलेली. ती रिकामीच राहिली. बोर रडलं. चिंच वाक्य विसरून आईला हात करत उतरली. काळ्या गुलाबजामांना पहिलं बक्षीस मिळणार हे परीक्षकांच्या ओठांवरून दिसत होतं. मग जांभळ्या झग्यात, हातात झाड धरून, माझी मुलगी माइकसमोर उभी राहिली. मी पाच मोजले. दहा मोजले.

“मी कामोणी,” ती म्हणाली. खणखणीत. “हिरवी असले की हात लावू नका. काळी झाले की खा.”

टाळ्या. बाईंनी डोळे पुसले. मी तर केव्हाच सुरू केले होते. पण ती उतरेना. सहा महिन्यांचं साठलेलं होतं.

“माझे डोळे पांढरे हायेत,” ती माइकमध्ये म्हणाली. सभागृह हसलं, गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. “सगळ्यांनी बघितले. काकीनं बघितले, आईनं वहीत लिहिले. धुरपताआज्जीचे पिवळे हायेत. तिचे कुणीच न्हाई बघितले.”

हसू जागच्या जागी थांबलं. माझं तर हातातल्या रुमालासकट.

तेलाचा वास. खाज. ओट्याला टेकणं. कणकण. दिवसातून चार वेळा मी ज्या खोलीत पांढऱ्या डोळ्यांची नोंद करत होते, त्याच खोलीत दोन हातांवर पिवळे डोळे भांडी घासत उभे होते. घरातला रोग शोधायला मी रक्त काढलं, रजिस्टर भरलं, खोटा कागद आणला. डोळे वर करून बघितलं नाही.

आम्ही तिथूनच धुरपताबाईंच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारची म्हणाली, सकाळच्या गाडीनं माहूरला गेली, बहिणीकडं. तिकडं कुणीतरी काविळीची माळ घालतं म्हणे. फोन बंद आहे. शनिवारी वीरेश आणि मी माहूरला जाऊन आलो. बहिणीचं दुकान बंद होतं आणि आजूबाजूचे म्हणाले, दोघी कुठं गेल्या माहीत नाही. परवा पुन्हा जातो आहोत. काकी सोबत येणार आहेत. चुन्याची डबी घरी ठेवून यायचं त्यांनी कबूल केलं आहे.

त्या सर्वेक्षणाच्या रजिस्टरात धुरपताबाईंचं नाव नाही. असतं, तर तिसरा रकाना लागला असता : गाव सोडून गेली. चौथा मी वाचत नाही.

कामोणी मागितली म्हणून अख्ख्या कॉलनीनं मला विचारलं, कशाला पाहिजे? चांगलंच विचारलं, त्यासाठी टाकी रिकामी केली. आणि एका माणसानं माझ्याकडं, माझ्या तोंडावर कामोणी मागितली, तेव्हा मी म्हणाले, न्या की, भाजी छान होते.

तर तुमच्यापैकी कुणी ह्या दिवसांत माहूरला देवीच्या दर्शनाला जाणार असाल, तर एवढं करा. पायऱ्यांच्या खालच्या अंगाला ओटीचं सामान विकणाऱ्या साखराबाई असतात, धुरपताबाईंची बहीण. त्यांच्या शेजारी चादर पांघरून बसलेली, कपाळावर गोंदलेलं तुळशीचं पान असलेली एक बाई दिसली, तर तिच्यासमोर बसा आणि उजेडात तिचे डोळे बघा. पिवळे असतील तर माळ नको, थेट दवाखान्यात न्या. शांबूनं सांगितलंय म्हणा, येईल. ती म्हणेल, “काई न्हाई, जरा कणकण हाय.” ऐकू नका.